पडलेला बर्फ किती आणि पाडलेला किती?

माझ्या मामांची शेती माण तालुक्यात आहे आणि त्यांच्याकडे पावसाची एक वही आहे. पडवीबाहेरच्या खांबाला लावलेल्या पर्जन्यमापकातले पाणी रोज सकाळी साडेआठला काचेच्या नळीत ओतून ते मोजतात आणि तारखेपुढे मिलिमीटर लिहितात. २००३ च्या दुष्काळात राज्यात विमानातून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. त्या हंगामातल्या एका पानावर ७.२ या आकड्यापुढे त्यांनी ‘विमान आले होते’ अशी नोंद करून ठेवली आहे. त्याच दिवशी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, म्हणजे जेमतेम दीड किलोमीटरवर, १९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे खाली बारीक अक्षरात लिहिलेले आहे. चार दिवस आधीच्या नोंदीत, ज्या दिवशी आकाशात विमान दिसले नव्हते, ११ मिलिमीटर आहेत. मी संख्याशास्त्र शिकवतो. गेल्या दिवाळीत मामांनी ती वही माझ्यापुढे धरली आणि विचारले, “यातला विमानाने पाडलेला किती?” मला उत्तर देता आले नाही, आणि ते का देता येत नाही हे त्यांना नीट समजावूनही सांगता आले नाही. तेव्हापासून हा प्रश्न मी सोडलेला नाही.

या प्रश्नाचा सर्वांत कसून शोध डोंगरांवरच्या हिवाळी ढगांबाबत घेतला गेला आहे, त्यामुळे उत्तरासाठी माणमधून थोडे दूर जावे लागेल. डोंगरावरचा ढग हा त्यातल्या त्यात समजण्यासारखा ढग आहे. वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि त्यातल्या बाष्पाचा ढग होतो. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला प्रतिरोध पाऊस म्हणतो तो हाच. हिवाळ्यात अशा ढगाचे तापमान शून्याच्या बरेच खाली असते, तरीही त्यातले पुष्कळसे थेंब गोठलेले नसतात. शुद्ध पाण्याच्या बारीक थेंबाला गोठण्यासाठी काहीतरी आधार लागतो, एखादा कण लागतो, आणि तो मिळाला नाही तर थेंब उणे १५ अंशांवरही द्रवरूपच राहतो. अशा थेंबांच्या गर्दीत एक हिमस्फटिक तयार झाला, की भोवतालची वाफ थेंबांपेक्षा त्याच्यावर लवकर जमते. थेंब आटत जातात, स्फटिक वाढत जातो आणि जड होऊन खाली येतो. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची रचना बर्फाच्या रचनेशी मिळतीजुळती असते, म्हणून त्याचे कण ढगात सोडले तर थेंबांना हवा असलेला आधार मिळतो. १९४६ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर यांनी थंड पेटीतल्या ढगात कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकून असे हिमस्फटिक तयार करून दाखवले. त्याच वर्षी त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचा गुण ओळखला.

म्हणजे विज्ञानाचा पाया पक्का आहे, आणि त्याविषयी फारसा वाद नाही. प्रयोगशाळेतल्या पेटीत जे घडते ते डोंगरावरच्या ढगात घडते का, घडलेच तर जमिनीवर किती पाणी वाढते, आणि ते पाणी तसेही पडणारच नव्हते हे कशावरून, या प्रश्नांपाशी गाडी अडते. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण एकच वादळ दोनदा येत नाही. बीजारोपण केलेल्या, म्हणजे ढगांत असे कण सोडलेल्या, वादळातून किती बर्फ पडला ते मोजता येते, पण तेच वादळ मोकळे सोडले असते तर किती पडला असता ते कोणत्याही मापकात सापडत नाही. आधीच्या वर्षाशी तुलना करावी, तर दोन वर्षांतला नैसर्गिक फरकच अपेक्षित वाढीच्या कितीतरी पट असतो. शेजारच्या डोंगराशी तुलना करावी, तर कोणता शेजारी निवडला यावर उत्तर बदलते.

ही निवड किती घातक ठरू शकते, हे अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या क्लायमॅक्स इथल्या प्रयोगांनी दाखवले. १९६० च्या दशकात तिथे हिवाळी ढगांवर दोन टप्प्यांत प्रयोग झाले आणि ठरावीक तापमानाच्या ढगांमध्ये बर्फ बराच वाढल्याचे निष्कर्ष निघाले. अनेक वर्षे ते प्रमाण मानले जात होते. पुढे रँग्नो आणि हॉब्स या दोन वैज्ञानिकांनी मूळ नोंदी पुन्हा तपासल्या, तुलनेसाठी घेतलेली केंद्रे कशी आणि केव्हा निवडली गेली यावर गंभीर शंका घेतल्या, आणि तो परिणाम टिकत नसल्याचे मत मांडले. दरम्यान १९७० ते १९७५ या काळात त्याच राज्यातल्या सॅन वॉन पर्वतात मोठ्या प्रमाणावर प्रयोग केला गेला, आणि त्यातूनही अपेक्षित वाढ सिद्ध झाली नाही. यात कोणी खोटे बोलले असे मला मुळीच वाटत नाही. ज्याला परिणाम दिसावा असे मनापासून वाटते, त्याने आकडे पाहिल्यानंतर तुलनेची बाजू निवडली, तर हात नकळत सोयीच्या बाजूला जातो. तो माझाही जाईल. म्हणून निवड आधी करायची असते आणि ती चिठ्ठीवर सोपवायची असते.

हे सगळे पचवून २००५ साली वायोमिंग राज्याने जो कार्यक्रम हाती घेतला, त्याच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. वायोमिंगच्या दक्षिणेला, कोलोरॅडोच्या सीमेजवळ, सिएरा माद्रे आणि मेडिसिन बो या दोन डोंगररांगा शेजारी शेजारी आहेत. हिवाळ्यात त्यांच्यावर साचलेला बर्फ वसंतात वितळून नद्यांना मिळतो, आणि खालची शेती व शहरे त्या पाण्यावर अवलंबून असतात. राज्याने पैसे दिले, बीजारोपणाचे काम एका कंपनीकडे गेले आणि मूल्यमापन मात्र बोल्डर इथल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राकडे स्वतंत्रपणे सोपवले गेले. धूर सोडणारा आणि हिशेब करणारा यांना वेगळे ठेवणे ही सगळ्यात मोलाची गोष्ट होती असे मी म्हणेन.

प्रयोगाची आखणी अशी होती. दोन्ही रांगांवर एकाच वेळी योग्य ढग असला पाहिजे, म्हणजे पुरेसे थंड तापमान, वाऱ्याची दिशा अनुकूल आणि ढगात न गोठलेले पाणी असल्याची उपकरणांची खात्री. हे सगळे जुळले, की दोन रांगांपैकी कोणत्या रांगेवर बीजारोपण करायचे ते यादृच्छिक निवडीने, आपल्या भाषेत चिठ्ठी टाकून, ठरायचे. ज्या रांगेची चिठ्ठी निघाली तिच्या वाऱ्याकडच्या पायथ्याशी ठेवलेली यंत्रे चार तास पेटायची. त्यांत सिल्व्हर आयोडाइडचे द्रावण प्रोपेनच्या ज्योतीत जळते आणि तो धूर वाऱ्याबरोबर ढगात चढतो. दुसरी रांग तशीच सोडायची. मग चार तास काहीच करायचे नाही, म्हणजे आधीचा धूर निघून जाईल, आणि ढग अजून असेल तर पुन्हा नवी चिठ्ठी. दोन्ही रांगा आलटून पालटून एकमेकींची तुलना होतात, त्यामुळे एक रांग मुळातच जास्त बर्फाची असली तरी हिशेब बिघडत नाही.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मापकापासूनच अडचणी सुरू होतात. मामांच्या नळीत पडणारा पावसाचा थेंब जड असतो आणि बहुधा सरळ खाली येतो. हिमकण पिसासारखा हलका असतो. मापकाच्या तोंडाशी वारा उसळला, की तो वरच्या वर निघून जातो, आणि जोराच्या वाऱ्यात उघड्या मापकात प्रत्यक्ष पडलेल्या बर्फाचा निम्म्याहून कमी भाग जमतो. म्हणून मापक झाडीतल्या मोकळ्या जागेत, भोवती फळ्यांचे कुंपण घालून बसवावे लागतात. शिवाय दोन रांगा जवळ असल्यामुळे त्यांच्यावरचे हवामान सारखे राहते हा फायदा, पण त्याच कारणाने एका रांगेचा धूर दुसरीपर्यंत पोहोचण्याचा धोकाही असतो. धूर ढगापर्यंत चढतोच असेही नाही. थंड हवेचा थर दरीत झाकणासारखा बसला असेल, तर धूर डोंगरावर न चढता त्याला वळसा घालून जातो.

२००८ ते २०१४ असे सहा हिवाळे चिठ्ठ्या निघाल्या. सदोष प्रसंग वगळल्यावर ११८ प्रसंग हाती राहिले, आणि आधी ठरवलेल्या मुख्य कसोटीचे उत्तर आले १.०३. म्हणजे बीजारोपण केलेल्या रांगेवर सुमारे ३ टक्के जास्त बर्फ. पण या ३ टक्क्यांसोबत आणखी एक आकडा आला, तो ०.२८ होता. त्याचा अर्थ असा, की यंत्रांत सिल्व्हर आयोडाइडऐवजी नुसते पाणी असते, काहीही परिणाम नसता, तरी केवळ चिठ्ठ्यांच्या योगायोगाने एवढी किंवा याहून जास्त वाढ शंभरांतल्या २८ वेळा दिसली असती. साधारणतः शंभरांत पाचांहून कमी शक्यता असेल तरच आम्ही संख्याशास्त्राची माणसे परिणाम दिसला असे म्हणतो. २८ ही फार मोठी संख्या आहे.

इथे एक गैरसमज सहज होतो आणि तो मी वर्गातही दर वर्षी पाहतो. परिणाम सिद्ध झाला नाही याचा अर्थ परिणाम नाही असा होत नाही. डोंगरावरच्या बर्फाची नैसर्गिक डळमळ इतकी मोठी आहे, की तिच्यात ३, ५ किंवा अगदी १० टक्के वाढही बुडून जाऊ शकते. ही डळमळ प्रसंगांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होते. ती निम्मी करायची असेल तर प्रसंग चौपट लागतात, म्हणजे ११८ चे ४७२ आणि सहा हिवाळ्यांचे चोवीस. चोवीस वर्षे निधी, तेच मापक, तीच यंत्रे आणि चिठ्ठी पाळण्याची तीच शिस्त टिकवणे कोणत्याही सरकारला जवळजवळ अशक्य आहे.

म्हणून वायोमिंगच्या अभ्यासकांनी केवळ चिठ्ठ्यांवर विसंबून न राहता इतर पुरावेही जोडले. यंत्रे किती तास चालली, बर्फात चांदीचा अंश सापडला का, आणि संगणकीय प्रारूपात तेच वादळ एकदा धुरासह आणि एकदा धुराविना चालवले तर काय फरक पडतो, हे सगळे पाहून त्यांनी योग्य ढगांमध्ये ५ ते १५ टक्के वाढ होत असावी असा अंदाज दिला. तो मला विश्वासार्ह वाटतो. तरीही तो अनेक धाग्यांवरून काढलेला जाणकारांचा अंदाज आहे आणि चिठ्ठ्यांचे उत्तर ३ टक्के व अनिश्चित असे होते, हे दोन्ही एकाच वाक्यात सांगितले पाहिजे असा माझा आग्रह आहे. बातम्यांत बहुधा १५ हा आकडा राहतो आणि बाकीचे गळून जाते.

त्याच कार्यक्रमातला आणखी एक निष्कर्ष मला या सर्वांहून महत्त्वाचा वाटतो. हिवाळ्यात त्या रांगांवर जेवढा बर्फ पडतो, त्याचा सुमारे ३० टक्के भागच बीजारोपणाला योग्य अशा परिस्थितीत पडतो. उरलेल्या वेळी ढग पुरेसा थंड नसतो, वारा भलतीकडचा असतो किंवा ढगात न गोठलेले पाणीच शिल्लक नसते. आता हिशेब करून पाहा. हिवाळ्यात १०० मिलिमीटर पाणी पडणार असेल तर त्यातले ३० मिलिमीटर योग्य ढगांतले, आणि त्यावर ५ ते १५ टक्के म्हणजे दीड ते साडेचार मिलिमीटर. एकही योग्य ढग न सोडता सगळे काम साधले तर ही वाढ. धरणाच्या मालकाला, वीज निर्माण करणाऱ्याला ती परवडू शकते. दुष्काळ तिने हटत नाही.

मग प्रत्यक्ष डोळ्यांनी परिणाम दिसल्याचा पुरावा कुठेच नाही का? आहे, आणि तो पाहून मी खरोखर हरखून गेलो होतो. २०१७ च्या जानेवारी ते मार्च या काळात आयडाहो राज्यातल्या पेएट नदीच्या खोऱ्यावर एक संशोधन मोहीम झाली. एक विमान वाऱ्याला आडवे, पुढे मागे फेऱ्या मारत सिल्व्हर आयोडाइड सोडत होते, दुसरे विमान त्या ढगातून उडत मोजमाप करत होते आणि डोंगरमाथ्यावर फिरते रडार बसवलेले होते. काही दिवशी ढगात न गोठलेले पाणी होते, पण नैसर्गिक बर्फ जवळजवळ पडत नव्हता. अशा दिवशी रडारच्या पडद्यावर आधी काहीच नव्हते तिथे नागमोडी रेषा उमटल्या. त्या रेषांचा आकार विमानाच्या वाटेचाच होता, फक्त वाऱ्याने पुढे वाहून नेलेला. निसर्ग अशा नागमोडी रेषेत बर्फ पाडत नाही. सत्तर वर्षांच्या वादात इतका स्वच्छ पुरावा पहिल्यांदाच हाती आला.

त्या मोहिमेतल्या तीन दिवसांचा हिशेब २०२० साली प्रसिद्ध झाला. २० मिनिटांच्या बीजारोपणातून सुमारे १ लाख २० हजार घनमीटर पाणी, ८६ मिनिटांच्या बीजारोपणातून २ लाख ४० हजार आणि २४ मिनिटांच्या बीजारोपणातून ३ लाख ४० हजार. वेळ आणि पाणी यांचा मेळ बसत नाही हे तुमच्या लक्षात आले असेल. ढगाची तब्येत किती महत्त्वाची आहे ते त्यावरून कळते. तिन्ही मिळून होतात ७ लाख घनमीटर, म्हणजे ७० कोटी लिटर. ऐकायला हा आकडा प्रचंड वाटतो. आपल्या धरणांच्या मापात सांगायचे तर तो एका टीएमसीचा चाळिसावा भाग आहे. तो हजारो चौरस किलोमीटरवर पसरला, तर जमिनीवर एक मिलिमीटर जाडीचाही थर बसत नाही. आणि हे मोजता आले ते निसर्ग त्या दिवशी गप्प होता म्हणून. भरपूर बर्फ पडत असताना, म्हणजे ज्या वादळांवर खरी भिस्त असते त्या वादळांत, पाडलेला बर्फ पडलेल्या बर्फात मिसळून जातो आणि रडारलाही वेगळा काढता येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या स्नोई पर्वतातही २००५ ते २००९ या काळात असाच चिठ्ठ्यांचा प्रयोग झाला. तिथे मुख्य उत्तर ७ टक्के आले आणि तेही अनिश्चितच ठरले. यंत्रे फार कमी तास चालली ते प्रसंग वगळल्यावर वाढ १४ टक्क्यांवर गेली आणि अनिश्चितता कमी झाली. वगळण्याचे कारण पटण्यासारखे आहे, पण मला क्लायमॅक्स आठवतो आणि मी तिथे थांबतो. इस्रायलने याहून कठोर वाट धरली. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या प्रयोगांत १३ ते १५ टक्के वाढ दिसल्यामुळे तिथे अनेक दशके नियमित बीजारोपण चालले होते, पण त्या निष्कर्षांवर शंका घेतल्या गेल्यानंतर देशाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात २०१३ ते २०२० असा नवा प्रयोग केला गेला. वाढ आली १.८ टक्के, आणि खरी किंमत उणे ११ ते अधिक १६ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते असे हिशेब सांगत होता. तो प्रयोग तिथेच थांबवण्यात आला.

आपल्याकडचा ढग वेगळा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पावसाळ्यात ज्या ढगांवर काम होते, त्यांतल्या पुष्कळ ढगांत थेंब शून्याच्या वरच्या तापमानाला असतात, म्हणून तिथे थेंबांना गोठवणाऱ्या कणांऐवजी ओलावा ओढणारे मिठाचे कण सोडतात. वायोमिंगचे आकडे उचलून इकडे लावता येणार नाहीत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापुरात २०१८ आणि २०१९ मध्ये यादृच्छिक पद्धतीने ढग निवडून प्रयोग केले आणि १८ टक्के वाढीचा निष्कर्ष दिला. त्याच्या कितीतरी आधी, १९७३ ते १९८६ या काळातल्या ११ पावसाळ्यांत, याच संस्थेने बारामतीच्या परिसरात दोन प्रदेश आलटून पालटून, मध्ये मोकळा पट्टा ठेवून, चिठ्ठीने निवडून बीजारोपण केले होते. आखणी वायोमिंगसारखीच, आणि उत्तर होते २४ टक्के वाढ. माणपासून इतक्या जवळ हे घडले होते, हे मला वायोमिंगचे वाचन करताना कळले.

संक्रांतीला मी पुन्हा मामांकडे गेलो आणि हे सगळे त्यांना सांगितले. चिठ्ठीपाशी ते थांबले. “म्हणजे ‘नाही’ची चिठ्ठी निघाली, तर डोक्यावर भरलेला ढग असताना विमान माघारी न्यायचे?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “हो, मामा, नाहीतर काहीच कळत नाही.” ते बराच वेळ वही चाळत राहिले आणि मग म्हणाले, “डोंगरावर कोण राहते तिथे? इथे हे गावाला कोण सांगणार?”

वायोमिंगच्या त्या माथ्यांवर गावे नाहीत, हे खरे आहे. बारामतीत मात्र गावे होती, पिके होती आणि त्या अकरा पावसाळ्यांत १९७९, १९८२ आणि १९८६ ही देशभर पाऊस कमी झालेली वर्षेही होती. त्या वर्षांतही चिठ्ठी टाकली गेली आणि ज्या प्रदेशाची चिठ्ठी निघाली नाही, त्याच्यावरचे ढग तसेच सोडले गेले.